नव्या इअरफोनमधलं चितळ

माझे जुने इअरफोन कामातून गेले आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला मान्य नव्हतं. डाव्या बाजूने आवाज यायचा तो भिंतीपलीकडे कुणी बोलत असल्यासारखा. उजव्या बाजूची रबरी टोपी कधीच हरवली होती आणि तिच्या जागी मी सायकलच्या वाल-ट्यूबचा तुकडा कापून बसवला होता. वायर जिथे पिनेला मिळते तिथे शिलाईचा दोरा गुंडाळलेला. मी ब्लाऊज शिवते. मशीनच्या खडखडाटात मोबाईलवरची कटिंगची शिकवणी ऐकायची तर कानात आत जाऊन बसणारंच काहीतरी लागतं, म्हणून या जोडीवर माझा जीव होता. पण एके दिवशी शिकवणारी बाई 'अर्धा इंच सोडा' म्हणाली की 'अर्धा इंच जोडा' हे मला कळलं नाही आणि गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं. मग मात्र मी आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी तिथल्या मोबाईलच्या दुकानात गेले.

दुकानदार ओळखीचा होता. त्याने आधी बिनवायरचे काढून दाखवले, छोट्या डबीतले. मी म्हटलं, "भाऊ, हे मशीनखाली पडले तं चिंध्यांत सापडाचे नाई. आन् आमच्याकडं लाईट कवा जाते कवा येते, ते चार्ज कोण करन?" मग त्याने मला खर्च कमी कसा होईल ते सांगायला सुरुवात केली, याचं मला नवल वाटलं. म्हणाला, आधी नुसत्या टोप्या बदलून बघा, निम्मा आवाज टोपी नीट न बसल्यानेच जातो. माझ्या जुन्या जोडीला त्याने नव्या मऊ टोप्या लावून दिल्या. उजवी बाजू खरंच सुधारली. डावी मात्र मेलेलीच होती. तेव्हा त्याने काचेखालून एक वायरवाली, धातूच्या बोंडाची साधी जोडी काढली आणि म्हणाला, "बाई, ज्या गाण्याचा कोपरा न् कोपरा तुमाले माहीत आहे ते लावून पाहा. नवीन गाणं लावसान तं काई समजणार नाई."

कोपरा न् कोपरा माहीत असलेलं माझ्याकडे एकच होतं. माझ्या सासूबाईंचं गाणं.

ते मोबाईलमध्ये कसं भरलं ते सांगते. मी मूळची वरोऱ्याकडची, कापसाच्या काळ्या रानातली. आमच्याकडे जंगल म्हणजे नाल्याकाठची चार बाभळीची झाडं. लग्न होऊन आरमोरीच्या पलीकडे जंगलाला टेकलेल्या गावात आले तरी मी मोहाची फुलं वेचायला कधी गेले नव्हते. माझा नवरा सूरजागडच्या खाणीकडे ट्रकवर लागला आणि घरात हात कमी पडले, तेव्हा गेल्या साली पहिल्यांदा सासूबाईंबरोबर गेले. आमच्या टोळीत मी धरून सहा बाया. सगळ्यांच्या पुढे सासूबाई, कारण त्यांचा कान चांगला आणि आवाज मोठा. मोह वेचताना त्या गात राहतात, बाकीच्या हुंकार देतात. गाणं म्हणजे करमणूकही आणि माणसं इथे आहेत हे रानाला कळवणंही. नवऱ्याने सांगितलं होतं, मायचं गाणं भरून पाठव, गाडीत ऐकीन. म्हणून मी मोबाईल मोहाच्या झाडाच्या बेचक्यात ठेवला आणि फुलं वेचायला खाली बसले.

ते रेकॉर्डिंग मी वर्षभर ऐकलं होतं, आणि हसण्यासाठीच ऐकलं होतं. आधी सासूबाईंचं संथ गाणं. मध्येमध्ये माझी बडबड, कुठल्या गिऱ्हाइकाने बाही तीनदा बदलायला लावली त्याची. मग मध्येच सासूबाईंनी गाणं तोडून हळदीचं गाणं सुरू केलेलं, लग्नातलं, चढ्या आवाजात. आणि मग त्यांचा हुकूम, "ऊठ. टोपली उचल. बोलू नोको." त्यावर माझा चिडका आवाज, "अवो, अर्धा मोह खालीच आहे नं." आणि खडखड होऊन बंद. त्या दिवशी त्यांनी मला दंडाला धरून अक्षरशः ओढत रस्त्यावर आणलं होतं. झाडाखाली फुलांचा सडा तसाच. घरी येऊन विचारलं तर म्हणाल्या, ऊन झालं होतं. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे त्या रागाचा किस्सा झाला. माहेरी गेले की मी सासूबाईंची नक्कल करून दाखवायची आणि सगळे हसायचे.

दुकानात मी ते लावलं. नवी बोंडं कानात गच्च बसली आणि बाजार बंद झाला. भजेवाल्याची हाक नाही, मोटारसायकली नाहीत. सासूबाई अगदी माझ्या कपाळाशी गाऊ लागल्या. मोहाचं फूल पानावर पडतं त्याचा टप असा आवाज येतो, तोसुद्धा ऐकू आला. मी खूश होऊन दुकानदाराकडे बघून मान हलवली.

आणि मग माझ्या बडबडीच्या मागे, डाव्या कानात, अगदी बारीक आवाज आला. टाँव.

या भागात राहणाऱ्याला तो आवाज सांगावा लागत नाही. चितळ मोर बघून तसं ओरडत नाही, माणूस बघूनही क्वचितच. त्याला तो दिसला की तसं ओरडतं. 'तो' म्हणजे कोण ते मी इथेही लिहिणार नाही. मोहाच्या दिवसांत त्याचं नाव घरात काढायचं नाही अशी आमच्याकडची रीत आहे, आणि आता मलाही ते नाव तोंडातून काढवत नाही.

परत एकदा, टाँव. या वेळी जवळून. सासूबाईंचं गाणं अर्ध्या शब्दावर थांबलं. जुन्या इअरफोनमध्ये मला वाटायचं त्या ओळ विसरल्या. आता ऐकू आलं की त्या थांबल्या आणि त्यांनी श्वास धरला. मग हळदीचं गाणं सुरू झालं, आणि त्याखाली वाळल्या पानांवर त्यांची पावलं, चरचर, माझ्या दिशेने. घाई नाही, पळणं नाही. बाकीच्या बायांची पावलंही ऐकू आली, एकदम उठल्याची. फक्त मी कुणाच्या तरी बाहीबद्दल बोलत होते.

दुकानदार विचारत होता, "कसं आहे बाई, बेस नाई पाह्यजे का थोडा?" मी पैसे काढून ठेवले. जोडी घेतली आणि बाहेर आले. एसटीत खिडकीशी बसून परत ऐकलं, परत ऐकलं. वर्षापूर्वी होऊन गेलेली गोष्ट, मी जिवंत, बसमध्ये बसलेली, आणि तरी प्रत्येक वेळी ती 'टाँव' यायच्या आधी मी खिडकीची दांडी घट्ट धरायची. मी पाठीमागच्या सीटवर कोण आहे ते वळून पाहिलं. पिशवीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी होती.

घरी आले तेव्हा सासूबाई आंगण सारवत होत्या. उद्यापासून मोह सुरू करायचा होता, सुकायला टाकायला जागा हवी. टोपल्या झटकून भिंतीला लावलेल्या. मी त्यांना सारवण हातातलं सोडायला लावलं, हात धुवायला लावले आणि इअरफोन त्यांच्या कानांत बसवले.

आपलाच आवाज ऐकून त्या लाजल्या. "हा माहा आवाज होय? घोगरा आहे नं मोठा." मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. पहिली टाँव कुठे येते ते मला आता पाठ झालं होतं. ती आली आणि गेली असणार. त्यांचा चेहरा हलला नाही. दुसरी गेली. त्या हसत मान डोलवत होत्या.

"आयकू आलं?" मी विचारलं.

"आलं नं. गाणं आलं."

"गाण्याच्या मागं?"

"मागं तुई कटकट. आनखी काय राह्यते?"

मी आवाज पूर्ण चढवून पुन्हा लावलं. पुन्हा काही नाही. मग मी त्यांच्यासमोर बसले आणि तोंडाने तो आवाज काढून दाखवला, जसा जमला तसा.

त्यांनी इअरफोन काढून मांडीवर ठेवले. बोटाने लुगड्यावरचा सारवणाचा ओघळ पुसला. मग म्हणाल्या, "वरीसभर तुह्या मोबाईलात होतं हे?"

"होतं. मले आज आयकू आलं. बाई, त्या दिवशी तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू पळली असती. पळाचं नाई त्याच्यापुढं. हळदीचं गाणं लागलं का उठाचं, गोळा व्हाचं आन् गात गात रस्त्यावर याचं. बाकीच्याईले माहीत होतं. तुले सांगाचं राह्यलं. घरी या दिवसांत त्याची गोष्ट काढत नाई."

"तो दिसला होता?"

"झुडूप हालून राह्यलं होतं. वारा नव्हता." त्या थोडं थांबल्या. "तू खाली बसली होती. बसलेल्या माणसाले तो माणूस समजत नाई, जनावर समजते. म्हणून मी तुह्या मागं येऊन उभी राह्यली. त्याच्याकडं तोंड करून."

मला रडू आलं, पण त्याहून जास्त भीती आली. ज्या दिवसाची मी माहेरी नक्कल करत होते त्या दिवशी ही बाई माझ्या आणि त्या झुडपाच्या मध्ये उभी राहून लग्नाचं गाणं गात होती. मी पाया पडले असते, पण आमच्यात तसलं काही नाही. मी म्हटलं, "चहा ठेवू का?" आणि त्या म्हणाल्या, "ठेव."

चहा उकळत असताना दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. त्या दिवशी सगळ्यांत आधी ज्यांनी ऐकलं, त्यांना आज कानात कोंबूनही ऐकू येत नव्हतं.

मी बाहेर येऊन विचारलं. त्या आधी म्हणाल्या, तुह्या मशीनमंदी नसन नीट. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून मले वाटून राह्यलं का पाखरं कमी झाले. सकाळी काईच बोलत नाई. म्या म्हणलं जंगल तुटून राह्यलं, गेले असन कुठी."

पाखरं कुठेच गेली नव्हती. सकाळी आमच्या कडुनिंबावर त्यांचा इतका कल्ला असतो की मी मशीनवर बसून त्यांना शिव्या देते. मला गेल्या काही महिन्यांतलं सगळं आठवू लागलं. मी हाक मारायची आणि त्या ओ द्यायच्या नाहीत, मग मी म्हणायची, आज पुन्हा तोंड फुगलं वाटतं. कुकरची शिट्टी झाली तरी त्या गॅस बंद करायच्या नाहीत, त्यावरून आमची वाजायची. मोठे, जाड आवाज त्यांना येत होते. बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते आणि आम्ही दोघींनी त्याची भांडणं केली होती.

"उद्या तुमी जाऊ नोका," मी म्हटलं.

"मंग कोण जाईन?"

"कोणीच नाई. राहू द्या मोह या साली."

"टोळी तं जाईन नं. त्या चौघी माह्या भरवशावर येते." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "त्याईले सांगू नोको. तुले आण आहे."

हे मला सहन होईना. चार बाया उद्या खाली माना घालून फुलं वेचणार, पुढे माझी सासू आहे म्हणून निर्धास्त, आणि पुढच्या बाईला काही ऐकू येणार नाही. मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मायले जाऊ देऊ नोको. मी म्हटलं, तुमीच सांगा. सासूबाईंनी फोन कानाला लावला, त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. फोनवरचा माणसाचा आवाज त्यांना चांगला ऐकू येत होता, पण ऐकायचं नव्हतं. त्या पुन्हा सारवायला बसल्या.

मी मशीनवर जाऊन बसले, काही शिवलं नाही. शेवटी उठून त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "मी येतो. पण मी वेचणार नाई. तुमी बसा, मी उभी राहीन. चौघीईले मीच सांगतो का या साली कान माहे राह्यतीन, काऊन का तुमाले वेचू द्याचं आहे. खोटं नाई ते."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "तुले गाणं येते?"

"येते. वरीसभर आयकून राह्यली."

"म्हणून दाखव."

मी म्हटलं. सूर कुठल्या कुठे गेला. त्या खळखळून हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि म्हणाल्या, या गाण्यानं तं तोच पळन. मला मात्र हसू आलं नाही.

सकाळी निघालो. नवे इअरफोन मी मशीनच्या खणात ठेवून आले. आभाळ उजळलं होतं पण झाडांखाली अजून काळोखी होती, आणि मोहाचा तो गोड, जड वास होता. बाया हसत होत्या की शिलाईवाली आज पहारा देणार. सासूबाई खाली बसल्या. मी त्यांच्या मागे, पाठ त्यांच्याकडे करून उभी राहिले. मला सगळं ऐकू येत होतं आणि सगळ्याची भीती वाटत होती. सरडा पानांवरून गेला तरी मी तिकडे वळायची. फूल पडायचं, टप, आणि मी दचकायची. पळसामागे काही हललं तर आधी वारा आहे का ते मी गालाला जाणवतं का बघायची. मला वाटलं, या बाईने इतकी वर्षं असं केलं, आणि त्यावर गाणंही म्हटलं.

ऊन झाडांखाली उतरू लागलं. टोपल्या भरत आल्या होत्या. मला वाटायला लागलं की आज निभावलं.

टाँव.

लांबून आला, नाल्याच्या अंगाने. मी श्वास धरला. एकच होता. मला भास झाला असेल का? काल दिवसभर तोच आवाज कानात भरला होता. मी वळून सासूबाईंकडे बघितलं. त्या वाकून वेचत होत्या, एक फूल, दुसरं फूल, हात अगदी सावकाश चालला होता. सगळ्या रानात ते फक्त मला ऐकू आलं होतं. माझ्या आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नव्हते. गाणं म्हणायला तोंड उघडलं, पण पहिला शब्दच निघेना.

मग निघाला. पहिली ओळ रडल्यासारखीच आली. चौघी बाया क्षणात उठल्या, टोपल्या कमरेला लावल्या, कुणी माझ्याकडे बघितलं नाही, कुणी विचारलं नाही. माझ्या बेसूर गाण्यात त्यांनी आपला आवाज मिसळला. सासूबाई मात्र बसूनच होत्या. मान वर करून माझ्याकडे बघत होत्या.

"अर्धा मोह खालीच आहे नं," त्या म्हणाल्या.

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांच्यासाठी रानात काहीच झालं नव्हतं.

मी वाकले, त्यांच्या दंडाला धरलं. "उठा. टोपली उचला. बोलू नोका."

त्या उठल्या. माझ्या पदराचं टोक मुठीत धरून माझ्यामागून चालू लागल्या, आणि गाणं म्हणू लागल्या. आम्ही सगळ्या त्या वाळल्या पानांवरून हळदीचं गाणं म्हणत, न पळता, रस्त्यापर्यंत आलो. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. डांबर पायाला लागलं तेव्हा गाणं थांबलं. मी मैलाच्या दगडावर बसले.

बाकीच्या पुढे गेल्या. सासूबाई माझ्याजवळ थांबल्या. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "खरंच बोललं होतं का चितळ?"

"एकदा बोललं," मी म्हटलं. "मले तसं वाटलं. भास बी असन, बाई. मले खरं नाई सांगता येत."

"असन," त्या म्हणाल्या. "गाणं लागलं का उठाचं. बाकी काय." आणि आपली टोपली कमरेला लावून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याच्या जवळच्या झाडाखाली गेलो. मी नको म्हणत होते. सासूबाईंनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला, आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसल्या.